गल्ल्यावर कोण बसतं? छोटा धंदा, घर आणि गावची कामं : अनुभव धागा (खान्देश)

झेरॉक्सवाला, जळगाव

रक्त हवंय, दिंडीला मुक्काम हवाय, कुणाकडे मयत झालीय, गणपतीची वर्गणी राहिलीय, काहीही असो, लोक आधी कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे येतात. तो फार मोठ्या मनाचा असतो म्हणून नव्हे, तो जागेवर सापडतो म्हणून.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. जूनमध्ये आम्ही काही जण वह्या-दप्तरं गोळा करून झेडपीच्या शाळांत पोचवतो आणि नेमका तोच माझ्या धंद्याचा महिना. तेव्हा गल्ल्यावर आमच्या सौ. असतात. यावर तुझं काय मत, असं विचारलं तर म्हणाली, "आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं." म्हणून हा धागा काढतोय. सत्कार, शाल-श्रीफळ, पेपरातलं कात्रण नको. आपण बाहेर असताना मागे कोण असतं आणि घर कसं चालतं, ते लिहा. घरच्यांनी लिहिलं तर फारच छान.

किराणावाले नाना, अमळनेर तालुका

आमचं कापसाचं गाव. उधारी पेरणीला सुरू होते आणि दिवाळीनंतर कापूस विकला की फिटते. भाव पडलेला असला की लोक माल घरातच ठेवतात, मग आमची वहीही होळीपर्यंत उघडीच राहते.

रात्री दोनला शटर वाजलं की घरात कुणी "कोण आहे" विचारत नाही. कुणीतरी गेलेलं असतं. पांढरं कापड, गुलाल, सुतळी, कापूर, तूप, मडकं, एवढं सामान एका गोणीत कायम बांधलेलं असतं. ही सोय वडिलांची. त्यांचा नियम असा की दहावा होईपर्यंत हे वहीत चढवायचं नाही. नंतर लोक आपण होऊन येतात. जे येत नाहीत त्यांना विचारायचं नाही. सामान दिलं की मीही जातो. नातेवाइकांना फोन, लाकडं, ट्रॅक्टर, कोण कुठून निघालंय, किती वेळ थांबायचं, यात दुसऱ्या दिवसाची दुपार होते.

गल्ल्यावर आमच्या मंडळी. उधार मी देतो, वसुली त्या करतात. त्यामुळे गावाला नाना चांगले वाटतात आणि नानी कडक. हे बरोबर नाही हे मला कळतं, पण दुकान टिकलंय ते त्यांच्या कडकपणावर.

दुकान बंद म्हणजे बंद असतं ते फक्त कानबाईला, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. भाऊ सुरतेहून, नाशिकहून येतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून रोटासाठी (देवीच्या नैवेद्यासाठी) काढतात, बारशाचं पोरगं असलं तरी त्याचीही मूठ निघते. सोमवारी नदीवर विसर्जन झालं की मग शटर. एकदा त्याच रविवारी लग्नाच्या किराण्याची मोठी यादी घेऊन गिऱ्हाईक आलं. मी उठायला लागलो तर माय आतून म्हणाली, "दुकान रोज शे, कानबाई रोज नही." यादी दुसरीकडे गेली.

चहाची टपरी, भुसावळ

मागे कोणी नाही. मे महिन्यात दुपारच्या गाड्यांना आम्ही पाच-सहा जण प्लॅटफॉर्मवर पाणी देतो. जनरल डब्याच्या खिडक्यांतून रिकाम्या बाटल्या बाहेर येतात, गाडी उभी आहे तोवर भरतील तेवढ्या भरायच्या. तेवढा वेळ टपरीवर किटली आणि पैशांचा डबा. लोक ओतून घेतात. आता तर स्कॅनर आहे, डब्यातही कमीच पडतं. हिशोब जुळत नाही. कधी जास्तही निघतो, ते कुणी विचारत नाही.

मेडिकलवाला, जळगाव

आमच्या धंद्यात गल्ल्यावर भाऊ-पुतण्याला बसवलं, असं चालत नाही. नोंदणीकृत फार्मासिस्ट दुकानात हजर लागतो, तो कायदाच आहे. म्हणून माझं सगळं समाजकार्य बायकोच्या नोंदणी प्रमाणपत्रावर उभं आहे. ती डी.फार्म. आईने लग्न जमवताना पत्रिकेच्या आधी ते प्रमाणपत्र पाहिलं, असं ती अजून ऐकवते.

माझं काम रक्तदात्यांच्या यादीचं. उन्हाळ्यात इथे पारा ४५च्या आसपास, कॉलेजांना सुट्ट्या, शिबिरं थांबलेली. पण थॅलेसेमियाच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना मे महिना माफ नाही. याउलट कुण्या नेत्याचा वाढदिवस असला की एका दिवसात पिशव्यांचा ढीग लागतो. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. ढीग लावून काय करायचं? म्हणून आमच्या यादीत प्रत्येकाला महिना वाटून दिलाय. पुरुषाला दोन वेळांमध्ये तीन महिने, बाईला चार महिने सोडावे लागतात. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. आमच्याकडे बायका हौसेने येतात आणि हिमोग्लोबिनमुळे परत जातात, हे इतक्यांदा पाहिलं की आता यादीत नाव घेतानाच तपासणी करून घ्यायला सांगतो.

घरी भांडण झालं ते जेवणातल्या फोनवरून. तोडगा बायकोनेच काढला. रात्रीच्या जेवणाच्या तासाला फोन मुलीकडे. ती आठवीत आहे. रक्तगट, दवाखाना, नातेवाइकाचा नंबर एवढं विचारून वहीत लिहिते आणि "बाबा जेवताहेत, दहा मिनिटांत करतील" असं सांगते. माझ्यापेक्षा नीट लिहिते, हे खरं.

चोपड्याची लेक, आता पुण्यात

घरच्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

बाबांचं कापड दुकान होतं. सामूहिक विवाह असो, शाळा समिती असो, कुणाची सोयरीक मोडायला आलेली असो, बाबा तिथे. आम्ही दोघी बहिणी गल्ल्यावर वाढलो. दहावीचा अभ्यास मी ताग्यांवर वही ठेवून केलाय, आणि मीटरने कापड मापताना हात कुठे सैल सोडायचा हे मला भूमितीच्या आधी येत होतं. आई तेवढा वेळ आत बाबांनी आणलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक करायची. "चार जण येताहेत" हा निरोप चारही जण ओट्यावर चढल्यावर यायचा. वरण-बट्टीला एवढा वेळ लागतो हे बाबांना बहुतेक आजही माहीत नाही.

आता चोपड्यात कुठेही गेले तरी कुणीतरी थांबवून सांगतं, तुझ्या वडिलांनी आमचं अमुक केलं होतं. ते ऐकायला आवडतं. तो माणूस मलाही आवडला असता, आमच्या घरी तो फारसा यायचा नाही एवढंच.

एका दिवाळीला दुकान बंद केलं ते केलंच. कारण बाबा सांगतात जीएसटी आणि ऑनलाइन. आई काही सांगत नाही, उधारीच्या वह्या काढून दाखवते.

किराणावाले नाना

ताई, तुमच्या आईंनाच इथे लिहायला सांगा.

चोपड्याची लेक

सांगितलं. म्हणाली, बिबड्यांचे (ज्वारीच्या पापडांचे) दिवस आहेत, वेळ नाही.

बिबडे-पापडवाली, धुळे

मावशींना माझा नमस्कार कळवा, त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं!

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत आमची गच्ची म्हणजेच दुकान. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ-जिरं घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचे. हात भाजतात. घाटा झाला की नाही हे सांगायचा अधिकार सासूबाईंचा, त्यात मी पडत नाही. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत ऑर्डरी संपल्या पाहिजेत, कारण आखाजीला नणंदा माहेरी येतात आणि मग गच्चीवर झोका बांधला जातो, माल नाही.

माझ्याकडे थापायला येणाऱ्या बायकांत विधवा बऱ्याच. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये त्यांना मिळू शकतात हे एकीलाच माहीत होतं, तिचाही अर्ज पडून होता. तेव्हापासून कागदांचं काम माझ्याकडे आलं. पतीचा मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा आणि वार्षिक २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, मृत्यूच्या दाखल्यात नवऱ्याचं टोपणनाव. खातं आधारला जोडलेलं नसलं तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. एका कार्यालयात एका बाईला "उद्या या" एवढं सांगून आख्खा उन्हाळा फिरवलं. शेवटी आम्ही सगळ्या जणी तिच्यासोबत गेलो. घाट्याच्या वासाच्या साड्यांनी सहा-सात बायका बाकावर बसल्या आणि अर्ज त्याच दुपारी पुढे सरकला.

गल्ला म्हणाल तर सासूबाईंच्या कनवटीला. मी तहसीलला निघाले की त्या विचारतात, "कथा चालनी?" (कुठे चाललीस?) मी सांगते. त्या म्हणतात, "जाय, पन दुपारना घाटाले येजो."

मिरची पथारी, नंदुरबार

ओली लाल मिरची बाजार समितीतून घ्यायची आणि गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालायची, हा आमचा धंदा. अवकाळी पाऊस आला तर एका रात्रीत काळी पडते. पथारीवर काम करणाऱ्या बऱ्याच बायका सातपुड्यातल्या. त्यांच्यामुळे मला लहानपणापासून भिली बोलता येते, आणि माझं समाजकार्य एवढंच आहे.

दवाखान्यात डॉक्टर मराठीत विचारतात, आजी भिलीत सांगते, मध्ये मी. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे. पोराचे सांधे दुखतात म्हटलं की "काम करून दुखत असतील" असं म्हणून गोळी देऊन पाठवलेलं मी एका ठिकाणी पाहिलंय. म्हणून आता मीच आधी विचारतो, सिकलसेलची तपासणी झालीय का, कार्ड मिळालंय का. मला वैद्यकीय काही कळत नाही, पण हा प्रश्न विचारला की पुढचं काम होतं.

मागे मुलगा असतो. त्याला भिली येत नाही, मोबाइलवरचे भाव येतात. पथारीवरच्या बायका त्याला शिकवताहेत, आधी शिव्या शिकला.

केळीचे खोके, रावेर

वादळाने बाग आडवी झाली की शेतकऱ्याबरोबर पंचनाम्याच्या, विम्याच्या चकरा मारतो. दोन वर्षं झाली नाहीत तोच गावात चर्चा, "भाऊ झेडपीला उभा राहतोय." बायकोने देवासमोर शपथ घ्यायला लावली की उभा राहणार नाही. मगच गल्ल्यावर बसायला तयार झाली.

पंक्चरवाला, धुळे-मालेगाव रस्ता

चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे खान्देशातले लोक माझ्या दारावरून जातात. मंडप टाकतो, पाणी, ताक, रात्रीला खिचडी. बायको आणि वहिनी पायांना लावायला कोमट पाणी आणि खोबरेल ठेवतात. सगळ्यात जास्त फोड नव्या चपलांनी येतात, तेव्हा नवस नवा असला तरी चपला जुन्याच घाला.

आणि गल्ल्याचं विचाराल तर पंक्चरच्या दुकानाला गल्ला कसला, वरच्या खिशात असतो. खाली वाकलो की पडतो.