अनेक काळांची कादंबरी: रस वाढतो की तुटतो?

सांगेकरीण: कुर्रतुलऐन हैदर यांची 'आग का दरिया' (१९५९) ही उर्दू कादंबरी काल हिंदीतून वाचून संपवली. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून थेट फाळणीनंतरपर्यंतचा पल्ला. गौतम, चंपा, कमाल ही नावं वेगवेगळ्या काळांत नव्याने भेटतात. पहिला गौतम नदीच्या पुरात जातो आणि लगेच पुढे कमालुद्दीन काठावर चढतो. मध्ये दीड हजारांहून जास्त वर्षं उलटलेली! मी पुस्तक मिटून बसून राहिले. माझी आजी गोव्यातल्या, धरणात बुडालेल्या कुर्डी गावची. साळावली धरणाचं पाणी मे महिन्यात उतरलं की तिच्या घराचा चौथरा उघडा पडतो. तो बघताना पोटात कालवतं, तसंच त्या पानावर झालं. एकाच काळात संपणाऱ्या कादंबऱ्या आता मला अपुऱ्या वाटतात.

म्हापसेकर: ताई, शेवटचं वाक्य नाही पटलं. पहिल्या गौतमात माझा जीव गुंतला होता. तो गेल्यावर लेखिका दोन अश्रू ढाळायलाही उसंत देत नाही. पुढची कितीतरी पानं मी परक्याच्या घरी बसल्यासारखा वाचली. नाव तेच म्हणून माणूस तोच होतो का? कुर्डीचंच घ्या. चौथरा वर आला म्हणून आजी तिथे परत राहायला जाते?

सांगेकरीण: नाही जात. दिवा लावते आणि परतते. पण दादा, मला गौतमचं दुःख झालं ते खूप नंतर, विसाव्या शतकातल्या गौतमपाशी. त्याला आपल्या आधीचा ठाऊकच नाही. मला ठाऊक आहे. सरळ चालणाऱ्या गोष्टीत हे कुठून मिळणार?

फातर्पेकार: नावांवरून आठवलं. आमच्या गोव्यातल्या कुंकळ्ळी गावची देवी शांतादुर्गा पोर्तुगीज काळात फातर्पे गावी नेली. शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, ती १२ छत्र्यांनिशी मूळ गावी येते, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या गावकरांचाही (गावच्या मूळ घराण्यांचाही) त्यात मान असतो. तिथे नावं बदलली, नातं उरलं. हैदर यांनी उलट केलंय, म्हणून मला कादंबरी आवडली. मात्र त्यातला कंपनी सरकारच्या काळातला इंग्रज, सिरिल ॲशली, घाईत उरकलाय.

म्हापसेकर: सिरिलबद्दल अगदी! आणि ताई, सगळं आठवणारा वाचक एकटाच असतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तरी गौतमला असं सोडल्याचा राग आहेच. आता पहिला भाग तेवढा पुन्हा वाचतो, पुरापर्यंत.