मदत हवी आहे: आईचं वजन कमी करण्याचं इंजेक्शन आणि प्रोटीन

आई ५८ वर्षांची, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. तिला शुगर, बीपी आणि गुडघेदुखी. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं टिर्झेपॅटाइड हे शुगर आणि भूक कमी करणारं इंजेक्शन लिहून दिलंय, २.५ मिग्रॅवरून आता ५ वर आहे. फायदा खरंच दिसतोय. उपाशीपोटीची शुगर उतरलीय, जिना चढताना कठडा धरावा लागत नाही. त्यामुळे 'बंद करा' हा सल्ला नकोय.

अडचण खाण्याची आहे. अर्धी ज्वारीची भाकरी आणि दोन घास आमटी झाली की ताट बाजूला सारते. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही कमी होतात, आणि तिचे दंड सैल पडलेले दिसतात, त्याची फार काळजी वाटते. मटकीच्या उसळीने पोट फुगतं, पनीरने मळमळतं, प्रोटीन पावडरचा वास सहन होत नाही. घरात अंडी चालत नाहीत. किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. शुगरची जुनी गोळी डॉक्टरांनीच कमी केलीय.

हे इंजेक्शन घेणाऱ्या शाकाहारी मंडळींनी एवढ्याशा खाण्यात प्रोटीन कसं बसवलं? आणि दुखऱ्या गुडघ्यांना झेपतील असे, खुर्चीत बसून करायचे ताकदीचे व्यायाम शिकवणारं सांगली-मिरजेत कुणी आहे का?