पावसाची नेटसीडीएफ फाइल एक्सेलमध्ये कशी आणायची?

पाऊसवेडी: हवामान खात्याची ०.२५ अंशाच्या चौकोनांची दैनिक पावसाची, २००५ सालची नेटसीडीएफ (नकाशाच्या जाळीवरचे आकडे साठवणारी) फाइल आहे. ऑनलाइन कन्व्हर्टरने सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या आकड्यांची साधी फाइल) करून दिली, पण एक्सेलमध्ये मार्चच्या सुरुवातीपुढे काहीच नाही. मला फक्त मुंबईचा जुलै हवाय.

करीरोडकर: फाइल बिघडलेली नाही. तिच्या जाळीत आडवे १३५ गुणिले उभे १२९ म्हणजे १७,४१५ बिंदू, आणि दर बिंदूची दर दिवशी एक ओळ. त्याला ३६५ दिवसांनी गुणलं की ६३ लाखांवर ओळी होतात. एक्सेलची एक शीट १०,४८,५७६ ओळींवर थांबते, म्हणजे जेमतेम ६० दिवस. आधी कापा, मग बदला. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक्सअ‍ॅरे लायब्ररीने फाइल उघडा, अक्षांश १९, रेखांश ७२.७५ 'निअरेस्ट' (सर्वांत जवळचा बिंदू) लावून निवडा, जुलै कापा आणि तेवढंच सीएसव्हीत काढा. ३१ ओळी! त्यासाठी अख्खी फाइल कुठल्या साइटवर चढवायची गरजच नाही.

दर्यावर्दी: सगळीकडे उणे ९९९ (म्हणजे 'आकडा नाही' ही खूण) किंवा रिकामं आलं तर तो बिंदू समुद्रात धरलाय, रेखांश ७३ घेऊन बघा. उणे ९९९ तसंच ठेवून सरासरी मात्र काढू नका.

पाऊसवेडी: जमलं, आभार! पण २६ जुलैला ९४४ मिमी दिसत नाही?

करीरोडकर: २७ तारखेची ओळ बघा. पाऊस सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा मोजतात. तिथेही ९४४ मिळणार नाही. तो आकडा सांताक्रूझ केंद्राचा. त्या दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिमी होता, आणि फाइलमधला आकडा साधारण २७ किलोमीटरच्या अख्ख्या चौकोनाचा, एका केंद्राचा नाही.