जाहिरात आहेच, पण फुकट नाही

काही जण म्हणतात की अमेरिकेत चर्च आपल्या कॉलेजच्या खेळाच्या टीमवर पैसा घालतं ते निव्वळ धर्माच्या जाहिरातीसाठी. पटतं, पण त्या जाहिरातीची किंमत टीमलाही मोजावी लागते की! युटा राज्यातली ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी घ्या, मालकी मॉर्मन पंथाच्या चर्चची, सभासद कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतात त्यातला पैसा तिथे जातो, १९८४ ला कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये देशात पहिली आलेली, पण रविवारी खेळणार नाही म्हणजे नाही, मग कॉलेजांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेचं वेळापत्रकच त्यांच्यासाठी जुळवून घ्यावं लागतं. शिवाय बरेच खेळाडू ऐन भरात दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला जातात.

आणि धर्माचे नियम प्रेक्षकांनाही! प्रोव्होला, म्हणजे या युनिव्हर्सिटीच्या गावी, एकदा मॅच बघताना कोक मागितला तर बिनकॅफीनचा हातात! २०१७ पर्यंत कॅम्पसवर दुसरा विकतच नव्हते. बिअर तर सोडाच.