उतारवयातलं घर: गेट, कॅमेऱ्यांच्या पलीकडचं
उतारवयात राहायला घर घेताना एरिया सुरक्षित आहे का हे कसं ओळखायचं, असं विचारलं की बहुतेक जण गेट, वॉचमन, सीसीटीव्ही यावरच भर देतात, ते हवंच, पण डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) सांगते की पडून होणारे मृत्यू 60 च्या वरच्या लोकांतच सगळ्यात जास्त असतात, म्हणून आधी घर बघताय त्या गल्लीतून अंधार पडल्यावर पायी चक्कर मारा. दिवे चालू आहेत का, फुटपाथ सलग आहे की मधेच फरशी उखडलीय, सिग्नल हिरवा असेपर्यंत हळू चालणारा माणूस पलीकडे पोचतो का. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का हे ब्रोकरला विचारत बसू नका, स्वतः बघा. आणि संध्याकाळी खाली बाकांवर म्हातारी माणसं, पोरंटोरं निवांत बसलेली दिसली तर मला तो एरिया कॅमेऱ्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. जमलं तर आधी तिथेच भाड्याने राहा, पावसात पाणी कुठे तुंबतं तेही कळेल.