चाळिशीनंतर नुसते चालणे पुरेसे आहे का?

उपवनकर:
नमस्कार. माझे वय ४६ असून मी ठाण्याहून फोर्टातल्या एका बँकेत नोकरीला जातो. जाण्यायेण्यात तीन तास जातात आणि उरलेला दिवस खुर्चीत. रात्री जेवणानंतर उपवन तलावाच्या काठाने चालतो. १०,००० पावले झाली की मनगटावरचे घड्याळ थरथरून शाबासकी देते. तरीही अलीकडे गावी सत्यनारायणाच्या पूजेला तासभर पाटावर मांडी घालून बसल्यावर उठताना मला दोन्ही हात जमिनीवर टेकावे लागले, आणि शेजारचे सत्तरीचे मामा मात्र आधाराशिवाय उठले. साठीनंतर गुडघ्यांमुळे वडिलांना घराचा जिना दुरावला होता, ते डोळ्यांसमोरून हलत नाही. खरे सांगायचे तर हल्ली मी चालतो तो आवडीने नव्हे, धास्तीने. या चालण्यात नेमकी कशाची उणीव राहते, आणि कामाच्या दिवसांत ती कशी भरून काढावी?

तालीमप्रेमी:
चालणे सोडू नका, पण घड्याळाची शाबासकी फार मनावर घेऊ नका. १०,००० पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नसून १९६५ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या, पावले मोजणाऱ्या एका यंत्रामुळे तो रूढ झाला. चालण्याने हृदयाला आणि रक्तातल्या साखरेला फायदा होतो. स्नायूंची झीज मात्र त्याने फारशी थांबत नाही, आणि ही झीज तिशीनंतरच दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के या वेगाने सुरू होऊन साठीनंतर वाढते. जमिनीवरून उठायला मांड्यांची ताकद आणि खुबे-घोट्यांची लवचीकता लागते, आणि खुर्चीत बसणाऱ्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. मामांची जेवणे आयुष्यभर पाटावर झाली असतील, तर तालमीत न जाताही त्यांच्या रोज बैठका झाल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही. हा दुसरा भाग बहुतेकांच्या गावीही नसतो. हात न टेकता खुर्चीवरून उठण्याबसण्यापासून सुरुवात करा आणि खाली येताना घाई करू नका. दहाबारा वेळा सहज जमू लागले की ठेंगणे स्टूल घ्या, पुढे पाठीवरच्या सॅकमध्ये वजन भरा. जोरही आधी भिंतीला, मग ओट्याला हात टेकून आणि शेवटी जमिनीवर. आठवड्यातून दोनदा वीसपंचवीस मिनिटे सुरुवातीला पुरेशी आहेत. भार मात्र हळूहळू वाढत गेला पाहिजे.

डबेवाली आई:
हे स्त्रियांना अधिकच लागू आहे, कारण पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटते आणि पुढची काही वर्षे हाडांची घनता झपाट्याने उतरते. माहितीची वानवा नसतेच, वेळेची असते. "पहाटे पाचला उठा" असे सांगणाऱ्यांच्या घरी डबे कोण भरते, हे एकदा विचारायला हवे! मी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीआधी जिन्याच्या कठड्याला धरून बैठका मारते. सहकारी आठवडाभर हसले, आता त्यांच्यातल्या दोघी सोबत येतात. धास्तीने सुरुवात झाली म्हणून बिघडत नाही, पण धास्तावलेला माणूस रोज निकाल पाहतो आणि ताकद वाढायला महिने लागतात. त्यामुळे मी वहीत फक्त उचललेले वजन लिहिते.

सावधसखा:
एक पुरवणी. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे किंवा चक्कर येणे असे काही असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या. वय निघून गेले या काळजीपुरते सांगतो: १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या काही जणांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. तुम्ही तर शेहेचाळिशीतच आहात.

उपवनकर:
सर्वांचे आभार. आजच खुर्चीवर प्रयोग केला, तर गुडघे कटकट वाजतात. थांबू का?

तालीमप्रेमी:
सूज किंवा वेदना नसेल, तर नुसत्या आवाजाने थांबण्याचे कारण नाही. दुखत असेल, तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. तरीही दुखले, तर फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या.