ओम्नीच्या मागच्या पाट्याचा यू बोल्ट तुटलाय, स्वस्तात चांगला कुठे मिळेल?

देवगडची_ओम्नी:
नमस्कार मंडळी. बाबांची २००९ ची मारुती ओम्नी आहे, आंब्याच्या पेट्या, बाजार, आजीचा दवाखाना सगळं तिच्यावरच चालतं. परवा बागेतनं वर येताना मागे डाव्या अंगाला खट्ट असा आवाज आला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली, वाकून बघतो तर पाटा (लीफ स्प्रिंग) अ‍ॅक्सलला धरून ठेवणारा यू बोल्ट नटाच्या अगदी वर तुटलेला. तुटलेलं तोंड जवळजवळ सगळं काळं-तांबडं आणि मधे भाताच्या दाण्याएवढाच भाग पांढरा चकचकीत, म्हणजे चीर कधीची पडलेली होती, आम्हाला पत्ताच नाही. बाकीच्या तिघांचेही पापुद्रे निघतायत. घर खाडीकाठी, खारं वारं बारा महिने.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले सुटा येत नाही, अख्खा पाट्याचा सेट मागवावा लागेल. २०१९ ला कंपनीने ही गाडी बनवणंच बंद केलं, आता कशाकशासाठी थांबायचं. आमचा मेस्त्री म्हणतो वेल्डिंग मारून देतो, काही होत नाही. शेजारचे काका म्हणतात स्टेनलेसचे करून घे, जन्मात गंजणार नाहीत. पेट्या भरायचे दिवस तोंडावर आलेत, पैसे जपून वापरायचेत. काय करू?

कणकवली_गॅरेज:
वेल्डिंग अजिबात नको रे बाबा. तो बोल्ट हाय टेन्साइलचा, म्हणजे जास्त ताण सोसणाऱ्या पोलादाचा असतो, वेल्डिंगचा ताव लागला की जोडाच्या शेजारची धातू बिघडते आणि पुढच्या वेळी तिथेच तुटतो. घाटात तुटला तर अ‍ॅक्सल जागेवरनं सरकेल, मग पेट्या राहूदेत, माणसं कशी वाचायची? एकच बदलू नको, चारही बदल, नटसुद्धा नवीन.

सुटा मिळतो, काळजी करू नको. फक्त दुकानात 'ओम्नीचा द्या' एवढंच सांगून गप्प राहू नको, जुना बोल्ट सोबत ने आणि माप लिहून ने. सळीची जाडी, दोन पायांमधलं आतलं अंतर, पायाची लांबी, आणि वाक गोल आहे की चौकोनी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आटे, लोक फसतात ते इथेच. आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानात १० एमएमचा बोल्ट मागितला की दीडच्या पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर दीड एमएम) हातात पडतो, पण जपानी पद्धतीच्या गाड्यांत १० ला बहुतेक वेळा सव्वाचा पिच असतो. जुन्या बोल्टाचे आटे ब्रशने साफ कर, पट्टी लाव आणि १० आटे मोज, साडेबारा एमएम भरले तर सव्वाचा, १५ भरले तर दीडचा. नट हाताने दोन फेरे जाऊन अडकला तर पाना लावून जबरदस्ती करू नको, पिच चुकलाय, आटे खाशील.

हायवेवर ट्रकचे पाटे बनवणारे आहेत ते मापाने वाकवून, आटे पाडून देतात, पण आधी विचार सळी कसली आहे. साध्या बांधकामाच्या सळीचा करून देत असेल तर नको म्हण. त्यापेक्षा तयार मिळाला तर तोच घे.

गिरगाव_टू_गुहागर:
मुंबईहून कोण गावी येणारं असेल तर नटबोल्टसाठी नागदेवी स्ट्रीट, मशीद बंदरला उतरून चालत जाता येतं. तिथे पिच सांगितला की बरोबर तोच काढून देतात, बरेच ठिकाणी वजनावर पण. तुम्हाला कोल्हापूर जवळ पडेल, फोंडा घाटातनं वर गेलात की उद्यमनगरात बघा. नट घेताना बोल्ट ८.८ चा (हा ताकदीचा ग्रेड) असेल तर नट ८ नंबरचा घ्या, नाहीतर बोल्ट चांगला आणि नटाचे आटे जातात.

भंगारातनं यू बोल्ट घेऊ नका, एकदा ताणलेला असतो, आतली चीर दिसत नाही. सरकत्या दाराचा रोलर, कडी, ब्रॅकेट असलं मात्र भंगारात बघाच, आमच्या दाराचा रोलर तिथलाच आहे, छान चालतो.

मालवण_खलाशी:
स्टेनलेसचा ऐका. होडीवर आम्ही तेच वापरतो, ३१६ ग्रेडचा. ३०४ वर सुद्धा खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात. पण पाट्याला नको. साधा स्टेनलेस बोल्ट, ज्याच्यावर ए२-७० लिहिलेलं असतं, तो ७०० मेगापास्कल ताणाला तुटतो, ८.८ वाला ८०० ला, आणि तुटायच्या आधी ताणला जायची हद्द तर ४५० विरुद्ध ६४०, म्हणजे फरक केवढा बघ. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर मधेच चिकटून बसतो, ना पुढे ना मागे, कापूनच काढायचा, माझे स्वतःचे दोन असे गेलेत. नंबर प्लेट, मडफ्लॅप, बंपर इथे खुशाल लाव.

पाट्याला झिंकचा (जस्ताचा) मुलामा केलेला हाय टेन्साइल लाव, बसवून झाला की उघड्या आट्यांवर ग्रीस थाप. आणि पावसाळ्यानंतर गाडीखाली गोड्या पाण्याचा पाइप नीट फिरव.

देवगडची_ओम्नी:
खूप आभार सगळ्यांचे. जुने नट हलतच नाहीयेत, गॅसने तापवू का?

कणकवली_गॅरेज:
नको, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचा पाइप जवळ आहे. तार ब्रश मार, गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरव, सकाळी परत मार. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाब, कट्ट आवाज आला की सोड. नाहीच निघाला तर हॅकसॉने काप, तसाही फेकायचाच आहे. नवीन बसवताना गाडीचं वजन चाकांवर ठेव, तिरपे तिरपे थोडे थोडे आवळ, एक बाजू आधी फुल करू नको. आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर परत पाना लाव, नक्की.

देवगडची_ओम्नी:
झालं! पट्टी लावून मोजलं, १० आटे साडेबारातच बसले. पहिल्या दुकानात दीडचेच काढून दिले होते, जुना नट खिशात होता म्हणून तिथेच फिरवून बघितला, दोन फेऱ्यात अडकला, परत केले. दुसरीकडे बरोबर मिळाले, बोल्टावर ८.८ लिहिलेलं नाही पण दुकानदाराने खोक्यावरचं दाखवलं. चार बोल्ट, आठ नट, वॉशर मिळून सातशेच्या आत. तीन जुने नट निघाले, बाकी कापले. काल पंचवीस पेट्या घालून बाजारात जाऊन आलो, एक आवाज नाही. आज परत पाना लावला तर डावीकडचे दोन पाव फेरा आवळले गेले.